पहिला नायट्रो ट्रक: वेग नंतर, आधी फुफाटा

मोबाईलवर एक व्हिडिओ सारखा फिरत असतो. हातभर लांबीचा, रिमोटवर पळणारा नायट्रो ट्रक किंचाळत येतो, मातीच्या उंचवट्यावरून चार-पाच फूट हवेत जातो, चारही चाकांवर उतरतो आणि मागे निळसर धुराची रेघ सोडून पसार होतो. जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही ग्रुपवर तो पडला की पहिला प्रश्न ठरलेला: "कितली पयस रे भो?" म्हणजे किती पळतो? दुसरा प्रश्न किमतीचा. पहिला ट्रक या दोन उत्तरांवर घेतला तर बहुतेक वेळा तो तिसऱ्या महिन्यात माळ्यावर चढतो, कारण खरी अडचण वेगळीच असते. इंधन संपतं आणि जवळ कुठे मिळत नाही. चाक धरणारा पुढचा आर्म तुटतो आणि पार्ट यायला महिना लागतो. किंवा इंजिनात धूळ जाते आणि ते पुन्हा सुरूच होत नाही.

म्हणून आधी हे यंत्र चालतं कसं ते बघू. कोणता ट्रक घ्यायचा, याचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

टाकीत भरतात काय?

नायट्रो गाडी पेट्रोलवर चालत नाही. तिच्या इंधनात तीन पदार्थ असतात: मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणाचं तेल. गाड्यांसाठीच्या इंधनात नायट्रोमिथेन साधारण १६ ते ३० टक्के असतं, तेल ८ ते १८ टक्क्यांच्या आसपास आणि उरलेलं मिथेनॉल. नाव नायट्रोचं, पण बाटलीत निम्म्याहून जास्त मिथेनॉलच.

ज्यांच्या घरी एकेकाळी लुना होती त्यांना तेलाचं कारण सांगायला नको. पंपावर पेट्रोलसोबत ऑइलचं माप टाकून घ्यावं लागायचं, कारण टू-स्ट्रोक इंजिनाला वंगणाचा वेगळा साठा नसतो. इंधनासोबत येईल तेवढंच तेल त्याच्या नशिबी. नायट्रोचं इंजिन लुनाच्याच घराण्यातलं आहे. फरक एवढाच, की लुना ५० सीसीची आणि हे २ ते ५ सीसीचं, आणि हे पोर मिनिटाला तीस हजारांवर फेरे घेतं. लुनात तेल कमी पडलं तर इंजिन जाम व्हायला थोडा वेळ लागायचा. इथे काही सेकंदांत निकाल लागतो.

नायट्रोमिथेन कशाला? एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला साडेसहा किलो आणि नायट्रोमिथेनला जेमतेम १.७ किलो, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. सिलिंडरात एका वेळी मावणारी हवा तेवढीच राहते, पण त्या हवेत कितीतरी जास्त इंधन जळतं. ताकद तिथून येते. नायट्रोची टक्केवारी वाढली की किंमतही चढते. पहिल्या ट्रकला २० टक्क्यांच्या आसपासचं इंधन पुरेसं आहे; कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली मर्यादा मात्र ओलांडू नये.

ठिणगी नाही, मग पेटतं कसं?

या इंजिनात स्पार्क प्लग नसतो, ग्लो प्लग असतो. त्यात प्लॅटिनमयुक्त तारेचं बारीक वेटोळं असतं. सुरू करताना त्याला दीड व्होल्टच्या आसपासचा छोटा सेल जोडला की तार लाल होते. इंजिन चालू झालं की सेल काढून घ्यायचा. पुढे तार तापलेली राहते ती दोन कारणांनी: आतल्या जळण्याची उष्णता, आणि मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागली की होणारी रासायनिक क्रिया. "पेट्रोल टाकून बघू का?" या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं. पेट्रोल आणि प्लॅटिनम यांचं असं जमत नाही.

सुरू करायच्या पद्धती तीन. दोरी ओढून, बॅटरीवरच्या हातातल्या स्टार्टरने, किंवा गाडी स्टार्टर बॉक्सवर, म्हणजे आत मोटर असलेल्या पेटीवर टेकवून. नवख्याला पहिल्या दोन बऱ्या. दोरी अचानक जड झाली तर जोर लावू नका. सिलिंडरात इंधन साचलेलं असतं आणि द्रव दाबला जात नाही. दोरी तरी तुटते, नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो. ग्लो प्लग काढा, वरून फडकं धरा, चार वेळा दोरी ओढा, साचलेलं इंधन पिचकारीसारखं बाहेर पडेल.

ट्रकच्या जाती आणि इंजिनावरचे आकडे

जाहिरातीत .१२, .१५, .२१ असे आकडे दिसतात. ते घन इंचातले आहेत: .१२ म्हणजे साधारण २ सीसी, .१५ म्हणजे अडीच, .२१ म्हणजे साडेतीन आणि .२८ म्हणजे ४.६ सीसी.

नवख्यासमोर तीन जाती येतात. स्टेडियम ट्रक हा १/१० मापाचा (खऱ्या गाडीच्या एक दशांश), हलका, फक्त मागच्या चाकांवर चालणारा. ट्रॅक्सस कंपनीचा नायट्रो रस्टलर यातला. मॉन्स्टर ट्रक मोठ्या चाकांचा, उंच आणि फोर-व्हील ड्राइव्ह. ट्रॅक्ससचा टी-मॅक्स १९९९ मध्ये आला आणि ही जात घरोघरच्या अंगणात पोचली. त्यांचाच रेव्हो आणि एचपीआय कंपनीचा सॅव्हेज हे पुढचे मोठे. तिसरा ट्रगी. १/८ मापाची बग्गी (मातीवरची बुटकी शर्यतीची गाडी) लांब-रुंद करून बनवलेला, बुटका, साडेतीन सीसीचा, अस्सल शर्यतीचा गडी. त्याला बहुधा स्टार्टर बॉक्स लागतो आणि पार्टही महाग.

माझं मत स्पष्ट आहे. पहिला ट्रक मॉन्स्टर घ्यावा, तोही ३ ते साडेतीन सीसीच्या आतला. स्टेडियम ट्रक स्वस्त पडतो आणि सपाट ट्रॅकवर छान पळतो, पण आपल्याकडे सपाट ट्रॅक आहे कुठे? मुरमाच्या, खडबडीत प्लॉटवर दोन चाकांची ओढ कमी पडते आणि नवखा माणूस निम्मा वेळ गाडी सरळ करण्यात घालवतो. ४.६ सीसीच्या मोहातही पडू नये. वजन वाढतं, इंधन वाढतं आणि उलटल्यावर तुटतंही जास्त.

या सल्ल्याला एक मोठा अपवाद आहे. तुमच्या गावात चार जण आधीच एखादा ट्रक पळवत असतील तर डोळे मिटून तोच घ्या. शर्यत एका जातीच्या गाड्यांतच होते. मॉन्स्टर आणि ट्रगी एकत्र सोडले तर बघायला मजा येते, निकालाला अर्थ राहत नाही. शिवाय रविवारी सकाळी तुमचा स्पर गिअर (इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारं दातेरी चाक) गेला तर चाळीसगावच्या मित्राच्या डब्यातला गिअर तुमच्या गाडीत बसला पाहिजे. दुकान मुंबई-पुण्याला आहे, आणि कुरिअर मंगळवारी येतं.

पार्ट महाग का? जवळपास सगळं बाहेरून येतं. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. त्यामुळे गाडीला शंभर रुपये ठेवले असतील तर वर चाळीस-पन्नास पहिल्या वर्षाच्या पार्ट-इंधनासाठी बाजूला काढा. तेवढे उरत नसतील तर एक पायरी खालची गाडी बघा.

फुफाटा

खान्देशातल्या नायट्रोवाल्याचा पहिला शत्रू हाच. हिवाळा संपला की काळ्या मातीची अशी बारीक भुकटी होते, की एक गाडी गेली तरी मागचं दिसेनासं होतं. ट्रकचं इंजिन जमिनीपासून वीतभर उंचीवर, आणि ते हवा ओढतं ती तिथलीच.

या इंजिनात पिस्टनला रिंग नसते. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि स्लीव्ह, म्हणजे तो ज्यात सरकतो ती नळी, बहुधा पितळेची, आतून क्रोम चढवलेली. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित अरुंद असते. पिस्टन तिथे घट्ट बसतो आणि त्या घट्टपणावरच कॉम्प्रेशन उभं असतं. ही घट्टाई केसापेक्षाही बारीक मापाची. फिल्टर सैल राहून एखादी टाकीभर धूळ आत गेली तरी क्रोमवर ओरखडे उठतात, कॉम्प्रेशन जातं आणि नवी पिस्टन-स्लीव्ह घ्यावी लागते. ती जवळपास नव्या इंजिनाच्या भावात पडते.

म्हणून ट्रक बघताना एअर फिल्टर बघा. दोन थरांचा फोम हवा, आणि काढून धुता येईल असा. बाहेरच्या फोमला फिल्टर ऑइल लावायचं: प्लास्टिकच्या पिशवीत फोम घालून तेल टाका आणि रंग सगळीकडे सारखा येईपर्यंत चोळा. कोरडा फोम बारीक धूळ अडवत नाही. फिल्टरचा रबरी गळा कार्बोरेटरवर बसतो तिथे झिप टाय आवळा. दिवसअखेर फिल्टर काढलात की गळ्याच्या आतून बोट फिरवा. बोटाला माती लागली तर ती इंजिनातही गेली आहे असं धरा. शर्यतीच्या दिवशी धुऊन तेल लावलेले दोन फिल्टर डब्यात जास्तीचे ठेवावेत, आणि ट्रॅकवर टँकरने पाणी मारण्याच्या खर्चात कुरकुर न करता वर्गणी द्यावी.

जागेचंही याच्याशीच नातं आहे. वखरलेल्या शेतात ढेकळं, उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा, नदीपात्रात वाळू, आणि वाळू तर बेअरिंगची वैरी. सगळ्यात बरे ते शहराच्या कडेचे एन.ए. झालेले, पण अजून एकही घर न उठलेले प्लॉट. मुरूम पडलेला असतो, रस्ते आखलेले असतात. मालकाला विचारून घ्या आणि वस्तीपासून लांबचा बघा; या इंजिनाचा आवाज दुपारी झोपलेल्या माणसाला सहन होणारा नाही.

स्क्रू फिरवण्याची विद्या

नायट्रोत लोक सगळ्यात जास्त अडतात ते इथे. कार्बोरेटरवर दोन सुया आणि एक आयडलचा, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणारा स्क्रू असतो. मोठी सुई पूर्ण थ्रॉटलला किती इंधन जावं ते ठरवते, छोटी हळू चालताना. इंधन जास्त असेल तर मिश्रण 'रिच', कमी असेल तर 'लीन'. सुई आत फिरवली की लीन, बाहेर फिरवली की रिच. लीन इंजिन सुरुवातीला भन्नाट पळतं, म्हणून नवखा माणूस सुई आत-आत घेत जातो. पण कमी इंधन म्हणजे कमी तेल, आणि कमी तेल म्हणजे लुनाचीच गत.

तपासायला महागडं काही लागत नाही. पूर्ण थ्रॉटलवर मागे निळसर धुराची बारीक रेघ दिसलीच पाहिजे. धूर नाही म्हणजे लीन. धुराचे लोट आणि गाडी मरगळलेली म्हणजे रिच. इंजिनाच्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाका: तीन-चार सेकंदांत सावकाश आटला तर ठीक, पडताक्षणी चर्र होऊन उडाला तर जास्त तापलंय. तापमान मोजायची इन्फ्रारेड गन असेल तर ग्लो प्लगजवळ साधारण ९५ ते १३० अंश सेल्सियस दिसावं. छोट्या सुईसाठी, गाडी आयडलवर असताना कार्बोरेटरजवळची इंधनाची नळी चिमटीत दाबा. दोन-तीन सेकंदांत आवाज चढून इंजिन बंद पडलं तर सुई बरोबर. लगेच बंद पडलं तर लीन, बराच वेळ चालत राहिलं तर रिच. एका वेळी पाव वळशाच्या आतच फिरवा आणि एक फेरी मारून मग पुन्हा बघा.

आता आपल्या हवेची गोष्ट. मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळीसच्या घरात. गरम हवा विरळ असते, तिच्यात ऑक्सिजन कमी, म्हणून तीच सुई उन्हाळ्यात रिच पडते आणि किंचित आत घ्यावी लागते. धुळ्यात जानेवारीच्या पहाटे पारा एक आकडी होतो. हवा दाट असते, तेव्हा सुई बाहेर हवी. धोका दुसऱ्या बाजूचा आहे. मेमध्ये लावलेल्या सुईवर जानेवारीत सकाळी सातला ट्रक सोडलात तर तो लीनच पळतो, आणि थंडी आहे म्हणून तापण्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. ऋतू बदलला की सुई आधी रिच बाजूला अर्धा वळसा न्या आणि तिथून थोडी-थोडी आत घ्या.

नव्या इंजिनाला 'ब्रेक-इन' लागतं. पहिल्या काही टाक्या रिच मिश्रणावर, मध्ये थंड होऊ देत, सबुरीने पळवायच्या. हिवाळ्यात सुरू करण्याआधी डोकं हेअर ड्रायरने तापवा, म्हणजे स्लीव्हचं वरचं टोक सैल होतं आणि थंड पिस्टन त्यात घासत नाही. दर वेळी बंद केल्यावर फ्लायव्हील (इंजिनाच्या शाफ्टवरचं जड चाक) फिरवून पिस्टन खालच्या टोकाला आणून ठेवा. वर अडकून थंड झाला तर घट्टाई बिघडते. फ्लायव्हीलवर मार्करने खूण केलीत की दर वेळी अंदाज बांधावा लागत नाही.

"एवढं करण्यापेक्षा इलेक्ट्रिकच का नको?"

फक्त पळवायचं असेल, रोज संध्याकाळी अर्धा तास, तर इलेक्ट्रिकच घ्या. ब्रशलेस मोटर आणि लिथियम-पॉलिमर बॅटरीवरचे ट्रक आज वेगात नायट्रोला मागे टाकतात. आवाज नाही, सुया नाहीत, चार्ज केली की चालली. नायट्रो त्याच्यासाठी, ज्याला स्क्रू फिरवण्यातच रस आहे आणि कार्बोरेटर उघडलेला दिसला की जो थबकून बघतो. वडिलांच्या गॅरेजात वाढलेल्या पोरांना हे नाद लवकर लागतात. दुसरं कारण शर्यतीचं: नायट्रोत टाकी भरली की लगेच पुन्हा ट्रॅकवर, त्यामुळे २०-३० मिनिटांची अंतिम फेरी घेता येते.

"पेट्रोलवरची मोठी गाडी?"

१/५ मापाच्या पेट्रोल गाड्या मिळतात. २३ ते ३२ सीसीचं इंजिन, स्पार्क प्लग, पंपावरचं पेट्रोल आणि टू-स्ट्रोक ऑइल. शेतातल्या ब्रश कटरच्या जातीचंच इंजिन, त्यामुळे गावातला मिस्त्रीही उघडू शकतो. इंधनाचा प्रश्न सुटतो, पण वजन दहा किलोच्या वर, किंमत बरीच जास्त, आणि शर्यतीला जोडीदार मिळणं अवघड. चौघं मिळून घेणार असाल तर विचार करा.

"जुनी स्वस्तात मिळतेय"

घ्या, पण थंड इंजिनावर तपासून. ग्लो प्लग बसवलेला असू द्या आणि फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवा. पिस्टन वरच्या टोकाला येताना अडला पाहिजे, थोडा जोर मागितला पाहिजे. लोण्यासारखा सरकत गेला तर इंजिन संपलंय. मग किंमत फक्त सांगाड्याची द्या. विकणारा आधीच गरम करून ठेवत असेल तर चहा घ्या, गप्पा मारा, थंड होऊ द्या. क्रँकशाफ्ट धरून हलवून बघा, खडखडला तर बेअरिंग गेलेत. आणि बंद झालेल्या मॉडेलचे पार्ट मिळतात का, हे गाडी बघायला निघण्याआधीच विचारा.

इंधन आणि जीव

जळगाव-धुळ्यात नायट्रोचं इंधन किराण्यासारखं मिळत नाही. मोठ्या शहरांतल्या एरोमॉडेलिंगच्या दुकानांतून आणावं लागतं. ज्वालाग्राही असल्याने साध्या पार्सलने पाठवता येत नाही, आणि मिथेनॉलच्या खरेदी-विक्रीवर विषद्रव्य कायद्याखाली बंधनंही आहेत. म्हणून तीन-चार जणांनी मिळून आणायचं. १२५ मिलीची टाकी आठ-दहा मिनिटं चालते, म्हणजे एका लिटरला तासाभराची गाडी. दुकानदार विमानाचं इंधन पुढे करील. त्यात नायट्रो कमी असतं, इंजिन चालेल पण मरगळेल. घरी मिसळण्याचा उद्योग अजिबात नको.

मिथेनॉल हे विष आहे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, ती याच मिथेनॉलने. थोडं पोटात गेलं तरी डोळे जातात, आणि ते त्वचेतूनही शिरतं. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत ते कधीही भरू नका. मूळ बाटली, कुलपाची पेटी, हातात मोजे. त्याची ज्वाला दिवसा जवळपास दिसत नाही, म्हणून इंधन भरताना जवळ पाण्याची बादली आणि ओलं गोणपाट असू द्या. ग्लोचा सेल लावलेला असताना टाकी उघडू नका.

गाडी स्वतःही धोकादायक आहे. चार-पाच किलोचा ट्रक साठच्या वेगाने नडगीवर आला तर हाड मोडतं. रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा घ्या आणि 'फेलसेफ' सेट करा, म्हणजे सिग्नल तुटला की सर्व्हो (थ्रॉटल-ब्रेक हलवणारी छोटी मोटर) आपोआप ब्रेकवर जातो. गाडीतल्या रिसीव्हरची बॅटरीच मेली तर फेलसेफही मुका होतो, म्हणून थ्रॉटल मागे ओढणारी स्प्रिंगही लावा.

शर्यतीला एकट्याने जाता येत नाही

दर आठ-दहा मिनिटांनी टाकी भरावी लागते. तुम्ही रिमोट धरून उभे, मग गाडी उचलून पिचकारीच्या बाटलीने इंधन भरणारा दुसरा कुणीतरी हवा. वळणांवर उलटलेल्या गाड्या सरळ करणारे दोघं-तिघं हवेत, आणि फेऱ्या मोजणारा एक. मोठ्या शर्यतींत फेऱ्या आपोआप मोजणारा ट्रान्सपॉन्डर असतो. आपल्याकडे वही आणि मोबाईलचं घड्याळ. गाडी घेण्याआधी असे पाच जण जमतात का ते बघा.

पावसाळ्यात ट्रक ठेवून देताना टाकी रिकामी करा, नळीतलं उरलेलं इंधन इंजिन चालवूनच संपवा, मग कार्बोरेटरमध्ये आणि प्लगच्या भोकात 'आफ्टर-रन' तेलाचे दोन-चार थेंब टाकून फ्लायव्हील फिरवा. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. हे राहून गेलं तर पोळ्याला गाडी काढाल तेव्हा बेअरिंग गंजून बसलेले असतील. उघडलेली इंधनाची बाटलीही त्याच कारणाने पुढच्या हंगामाला धरू नका.